माणूस आज येतो, घर चार वर्षांनी

मे संपून जून लागला की वाकड, पुनावळे, ताथवडे या भागांतल्या सोसायट्यांच्या फाटकांवर छोटे टेम्पो दिसू लागतात. गुंडाळलेल्या गाद्या, कूलर, भांड्यांची पोती, एखादी सायकल आणि सगळ्यांत वर, जपून धरलेली तुळशीची कुंडी. अकरा महिन्यांचा करार संपलेला असतो. मालकाने पुढच्या कराराला वाढवून सांगितलेलं भाडं परवडत नाही म्हणून घर चार-पाच किलोमीटर आणखी बाहेर सरकतं. मुलांची शाळा तीच राहते, बसचा प्रवास तेवढा लांबतो.

भाडं का वाढलं, असं विचारलं तर एकच उत्तर मिळतं: गर्दी वाढली. उत्तर खरं आहे, पण अर्धंच. गर्दी वाढली की घरं महाग होतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. गर्दी नेमकी कोणत्या वाटेने घराच्या किमतीत शिरते, ते सहसा कोणी उलगडून सांगत नाही. पुण्याच्या पश्चिमेचा हा पट्टा, पिंपरी-चिंचवड आणि त्याला लागून असलेलं हिंजवडी, ही ती वाट पाहायला चांगली जागा आहे. इथे दोन पिढ्यांच्या डोळ्यांदेखत शेताचं शहर झालं.

पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची १९५४ मध्ये स्थापना झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी) स्थापन झालं आणि भोसरी-चिंचवडच्या माळावर कारखान्यांची रांग लागली. १९७० मध्ये नगरपालिका आली, १९८२ मध्ये महापालिका. नव्वदच्या दशकाच्या शेवटी हिंजवडीत आयटी पार्क सुरू झाला आणि वाढीला दुसरं इंजिन लागलं. २००१ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या १० लाखांच्या आसपास होती. २०११ मध्ये ती १७ लाखांवर गेली. त्याच दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या १६ टक्के वाढली, पुणे जिल्ह्याची ३० टक्के आणि या शहराची जवळजवळ ७० टक्के.

हा आकडा आधी घरांच्या हिशेबात उतरवू. दहा वर्षांत सात लाख माणसं वाढली आणि एका घरात चार माणसं धरली, तर पावणेदोन लाख घरं लागतात. म्हणजे दिवसाला पन्नासच्या आसपास. रविवार, गणपती, दिवाळी, सगळे दिवस धरून, दहा वर्षं, रोज पन्नास नवी घरं. त्यांना लागणारे नळ, गटारं, रस्ते आणि शाळेतले बाक वेगळेच.

इथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. घर माणसाला लागत नाही, चुलीला लागतं. एका घरात किती माणसं राहतात ही सरासरी गेल्या काही दशकांत थोडी थोडी खाली येत आली आहे. पूर्वी चिंचवडमधल्या एका बैठ्या घरात आईवडील, दोन भाऊ, त्यांच्या बायका-मुलं असं नऊ-दहा जणांचं कुटुंब राहायचं. आज त्याच कुटुंबाच्या तीन चुली झाल्या आणि घरं तीन लागतात. बाहेरून एकही माणूस आला नाही तरी मागणी तिप्पट झाली. म्हणून लोकसंख्या ज्या वेगाने वाढते, त्याहून घरांची गरज जास्त वेगाने वाढते.

आता नवीन आलेला माणूस काय करतो ते पाहू. तो बुलढाण्याहून येवो, लातूरहून येवो की पाटण्याहून, आल्या आल्या घर विकत घेत नाही. आधी भाड्याने घेतो. त्यामुळे लोंढ्याचा पहिला धक्का भाड्याला बसतो, विक्रीच्या किमतीला नंतर.

शंभर फ्लॅटची एक सोसायटी डोळ्यांसमोर आणा. सगळे भाड्याने दिलेले आहेत असं समजू. ९५ भरलेले, ५ रिकामे. घर शोधणारी कुटुंबं पाचच असतील तर भाडं आहे तिथेच राहतं. शोधणारी आठ झाली की त्या पाच फ्लॅटसाठी चढाओढ लागते आणि जो जास्त देईल त्याला घर मिळतं. गंमत म्हणजे परिणाम या पाच घरांपुरता राहत नाही. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट तीन हजार जास्त भाड्याने गेला, ही बातमी लिफ्टमधून आणि एजंटच्या फोनवरून आठवड्यात सगळ्या मालकांपर्यंत जाते. पुढचे ९५ करार जसजसे संपतील, तसतसे त्याच भावाने नवे होतात. तीन जास्तीच्या कुटुंबांनी शंभर घरांचं भाडं हलवलेलं असतं. मूठभर रिकामी घरं सगळ्या घरांचा भाव ठरवतात. या बाजाराबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही.

त्यात पुन्हा चढाओढ सारख्यांमध्ये नसते. कंपनीत नव्याने लागलेले तिघे तरुण मिळून टू बीएचके घेतात. प्रत्येकी दहा हजार काढले तरी तीस हजार होतात. शेजारी उभ्या असलेल्या कुटुंबात कमावणारा एक आणि खाणारे चार. त्याची ताकद वीस हजारांची. काही सोसायट्या ‘फक्त फॅमिली’ अशी पाटी लावून हा ताण कमी करायला बघतात. त्याने बाजाराचे दोन कप्पे होतात, इतकंच. ताण या कप्प्यातून त्या कप्प्यात जातो.

हे सगळं कागदी गणित नाही, याचा पुरावा कोविडच्या काळात सगळ्यांनी पाहिला. २०२० मध्ये कंपन्यांनी घरून काम सुरू केलं आणि हिंजवडी-वाकडमधली तरुण मुलं सामान बांधून गावी गेली. काही महिन्यांतच टू-लेटच्या पाट्या लागल्या, भाडी उतरली, मालक एरवी न ऐकणाऱ्या अटी ऐकू लागले. २०२२ मध्ये कार्यालयं पुन्हा भरली तशी तीच भाडी जुन्या पातळीच्याही वर गेली. घरं तेवढीच होती, माणसं गेली आणि आली. विक्रीचे भाव मात्र त्या सबंध काळात फारसे खाली आले नाहीत. भाडं महिन्यात हलतं, किंमत वर्षांत हलते आणि खाली येताना तर फारच अडखळते. मंदी आली तरी बिल्डर दर उतरवत नाही. पार्किंग देतो, किचन लावून देतो, ‘स्टॅम्प ड्युटी आमच्याकडे’ म्हणतो, पण स्क्वेअर फुटाचा आकडा कागदावर तोच ठेवतो. आकडा उतरवला तर आधी घेतलेले ग्राहक दारात येतील आणि बँकेत तारण असलेल्या मालाची किंमतही खाली येईल, ही त्याची भीती असते.

मग मागणी दिसल्यावर घरं पटापट बांधली का जात नाहीत?

एका इमारतीचा जन्म कागदापासून बघावा लागेल. आधी जमीन. सातबाऱ्यावर सात-आठ नावं असतात. त्यात एक बहीण सासरी बारामतीला, एक चुलत भाऊ मुंबईला. सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय व्यवहार पक्का होत नाही. एकाने हरकत घेतली तर प्रकरण कोर्टात जातं आणि तिथे वर्षं जातात. मग मोजणी, नकाशाची मंजुरी, अग्निशमन दलाचा दाखला, प्रकल्प मोठा असेल तर पर्यावरणाची परवानगी. त्यानंतर बांधकाम सुरू करण्याचा दाखला. महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून महारेराकडे नोंदणी केल्याशिवाय फ्लॅटची जाहिरातही करता येत नाही आणि ग्राहकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के त्या प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. हा नियम ग्राहकांच्या अनुभवातून आला, तो हवाच होता. पुढे पाया, स्लॅब, वीटकाम, प्लास्टर. वीस मजल्यांची इमारत तीन-साडेतीन वर्षं घेते. शेवटी भोगवटा प्रमाणपत्र. सगळं सुरळीत झालं तरी जमीन बघितल्यापासून किल्ली हातात येईपर्यंत चार-पाच वर्षं जातात.

म्हणजे आज टेम्पोतून उतरणाऱ्या कुटुंबाला लागणारं घर चार-पाच वर्षांपूर्वी कोणीतरी ठरवायला हवं होतं. माणूस आज येतो, घर चार वर्षांनी. किमती वाढतात त्या या दोन वेगांमधल्या अंतरामुळे. माणसांची संख्या नुसती मोठी असून भागत नाही. ती घर-पाणी-रस्ता तयार होण्याच्या वेगापेक्षा जास्त वेगाने वाढली, तरच बाजार तापतो.

आता जमिनीकडे येऊ. लोक म्हणतात, जमीन महाग झाली म्हणून फ्लॅट महाग झाला. सुरुवातीला हे उलटं घडतं. बिल्डर जमिनीची बोली कशी लावतो ते एका उदाहरणाने पाहू. हिशेबाला सोपे आकडे घेतो. एका एकरावर ६०,००० चौरस फूट विकता येईल असं बांधकाम बसतं आणि त्या भागातला भाव चौरस फुटाला ६,००० रुपये आहे असं धरू. एकूण विक्री ३६ कोटी. बांधकाम, शुल्क, व्याज, जाहिरात मिळून फुटामागे ४,००० रुपये, म्हणजे २४ कोटी. त्याने आपला नफा ६ कोटी धरला. उरले ६ कोटी. जमिनीला तो एवढेच देऊ शकतो.

वर्षभरात परिसरात दोन कंपन्या आल्या, भाव ७,००० झाला. विक्री ४२ कोटी. सिमेंट-लोखंडाचा खर्च तेवढाच, २४ कोटी. नफा वाढवून ७ कोटी धरला तरी जमिनीला ११ कोटी उरतात. फ्लॅटचा भाव १७ टक्क्यांनी वाढला आणि जमीन पावणेदोन पटीहून महागली. नवीन आलेल्या माणसाच्या खिशातून गेलेल्या जास्तीच्या पैशाचा मोठा वाटा भिंती बांधणाऱ्या गवंड्याकडे जात नाही, जमिनीच्या मालकाकडे जातो. कारण सिमेंट जास्त बनवता येतं, हिंजवडीशेजारचा एकर जास्त बनवता येत नाही.

यानंतर शेतकऱ्याच्या वागण्याचा अर्थ लागतो. शेजारच्या गटाला एवढा भाव मिळाल्याचं त्याला कळतं. पुढच्या वर्षी आणखी मिळेल असं दिसत असेल तर आज का विकायचं? तो थांबतो. त्याला लोभी म्हणणं सोपं आहे. त्याच्या हातात ती एकच गोष्ट आहे आणि ती एकदाच विकता येते. आधीच्या पिढीने कारखान्यांसाठी जमीन कवडीमोलाने दिलेली त्याने घरात ऐकलेली असते. पण असे पन्नास जण थांबले की गावात जमीन भरपूर दिसते आणि विकायला आलेली थोडीच असते. त्या थोडक्या जमिनीचा भाव आणखी चढतो. दुसरीकडे काही जण सगळं एकदम विकून मोकळे होतात. बंगला बांधतात, गाडी घेतात, आणि पैसा संपल्यावर जिथे त्यांची बाजरी व्हायची तिथल्या टॉवरच्या फाटकावर त्यांचाच मुलगा पहारा देताना दिसतो. हे दृश्य या पट्ट्यात नवलाचं राहिलेलं नाही आणि ते बघवत नाही.

थांबण्याची ही वृत्ती फक्त शेतकऱ्याची नसते. ७५ लाखांचा फ्लॅट घ्या. १५ लाख स्वतःचे घातले, ६० लाख कर्ज काढलं. ९ टक्के व्याज धरलं तर २० वर्षांचा हप्ता महिन्याला सुमारे ५४ हजार बसतो. बांधकाम चालू असेल तर ५ टक्के जीएसटी आणि पुण्यात पुरुषाच्या नावावर ७ टक्के मुद्रांक शुल्क धरून नऊ लाख वेगळे. तोच फ्लॅट भाड्याने वीस-बावीस हजारांत मिळतो. निव्वळ राहण्यासाठी बघितलं तर भाड्याने राहणं निम्म्याहून स्वस्त. तरी माणसं घेतात. घरमालकाची कटकट नको, मुलाच्या लग्नाच्या बोलणीत स्वतःचं घर विचारतात, ही कारणं खरी आहेत. पण ५४ आणि २२ यांच्यातलं अंतर त्याने भरत नाही. ते भरतं एका अपेक्षेने, की पाच वर्षांत याचे सव्वा कोट होतील. गर्दी वाढत राहील हा विश्वासच किमतीत मिसळलेला असतो. मेट्रोच्या खांबाचा पहिला खड्डा खणला की जाहिरातीत ‘मेट्रोपासून पाच मिनिटं’ येतं. शिवाजीनगर ते हिंजवडी या २३ किलोमीटरच्या मार्गाचे पैसे मारुंजी-माणच्या ग्राहकांनी गाडीत बसायच्या कितीतरी आधी दरातून भरले.

या अपेक्षेमुळे एक विचित्र गोष्ट घडते. घरांची टंचाई असलेल्या शहरात रिकामी घरंही असतात. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरांमध्ये १ कोटी १० लाखांवर घरं रिकामी होती. ज्याने भाव वाढेल म्हणून फ्लॅट घेतला, त्याला तीन टक्क्यांचं भाडं फार मोठं वाटत नाही. भाडेकरू घर सोडेल का, रंग खराब करेल का, या धास्तीने तो कुलूप लावून ठेवतो. या धास्तीला इतिहास आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबई-पुण्यातली भाडी गोठवली. पुण्याच्या पेठांमधल्या वाड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या काही रुपये भाडं येत राहिलं आणि मालकांनी कौलं बदलणंही सोडलं. १९९९ च्या कायद्याने लिव्ह अँड लायसन्सवर दिलेलं घर मुदत संपल्यावर परत मिळवायची सोपी वाट करून दिली. आज वाकडमध्ये भाड्याचा बाजार आहे तो त्या वाटेमुळे. पण जुनी भीती घराघरांत अजून आहे.

आता शिडीच्या खालच्या पायरीकडे बघू, कारण या विषयात सर्वांत कमी बोललं जातं ते तिच्याबद्दल. टॉवरमध्ये एक कुटुंब राहायला आलं की त्याच्यामागे धुणीभांडी करणारी बाई, वॉचमन, इस्त्रीवाला, डिलिव्हरीचा मुलगा, रिक्षावाला अशी माणसं लागतात. त्यांना घर लागतं आणि त्यांच्यासाठी कोणी जाहिरात करत नाही. गावठाणातला शेतकरी आपल्या उरलेल्या दोन गुंठ्यांत दहा बाय दहाच्या खोल्यांची रांग काढतो. एक खोली, एक मोरी, संडास चौघांत एक. चौरस फुटाच्या हिशेबाने या खोलीचं भाडं कित्येकदा टॉवरच्या भाड्याइतकंच पडतं, कारण टॉवरमध्ये जायची ताकद नसलेल्यांना दुसरा पर्यायच नसतो. ज्यांना मालकीचंच हवं ते गुंठे घेतात. एकर म्हणजे चाळीस गुंठे. त्यातला अर्धा-एक गुंठा स्टॅम्प पेपरवर साठेखत करून विकला जातो, सातबाऱ्यावर नाव चढत नाही. देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवती जो रेड झोन आहे, तिथे बांधकामाला बंदी, म्हणून जमीन स्वस्त, आणि स्वस्त म्हणून हजारो कामगार कुटुंबांनी तिथेच आयुष्याची कमाई घातली. २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा झाला, २०२१ मध्ये त्याची मुदत वाढवावी लागली. नियमित घर परवडत नाही तेव्हा माणूस घराशिवाय राहत नाही. तो नियमाबाहेर घर करतो. अनधिकृत बांधकामांवर हातोडा चालवताना हे लक्षात घेतलं जात नाही, याचं फार वाईट वाटतं.

आणि पाणी. घर म्हणजे भिंती अशी आपली समजूत असते, पण सकाळी सहाला हिंजवडीच्या रस्त्यावर उभं राहिलं की ती गळून पडते. टँकरची रांग असते. मागच्या नळातून पाणी ठिबकत असतं, त्याने रस्त्याच्या एका कडेला ओली रेघ उमटलेली असते. सोसायटीच्या फाटकात रखवालदार वहीत टँकरचा नंबर आणि वेळ लिहितो. महिनाअखेरीला त्या वहीची बेरीज मेंटेनन्सच्या बिलात येते. हिंजवडी, माण, मारुंजी या गावांना अजून ग्रामपंचायती आहेत. छोट्या गावासाठी आखलेली नळयोजना टॉवरांना पुरणं शक्यच नाही. वाकड १९९७ पासून महापालिकेत आहे, पण महापालिकेतही २०१९ पासून एक दिवसाआड पाणी येऊ लागलं. पुण्याने २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावं हद्दीत घेतली. हद्द एका अधिसूचनेने वाढते, जलवाहिनी तशी वाढत नाही.

पाणी आणायचं म्हटलं तर ते कुणाच्या तरी शेतातून येतं. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडपर्यंत बंद जलवाहिनी टाकायला मावळातल्या शेतकऱ्यांचा विरोध होता. ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊरजवळ आंदोलन झालं, पोलिसांनी गोळीबार केला, तिघांचा जीव गेला. शहरातल्या फ्लॅटच्या किमतीचा विषय काढला की मला ती तारीख आठवते. आपल्या नळाचं दुसरं टोक कुठे आहे, हे किमतीच्या तक्त्यात कधीच नसतं.

एक शंका इथे येऊ शकते. गर्दी कमी झाली तर घरं स्वस्त होतील का? मुंबईने याचं उत्तर दिलेलं आहे. २००१ मध्ये मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतच्या भागाची लोकसंख्या ३३ लाखांवर होती. २०११ मध्ये ती ३१ लाखांच्या आत आली. माणसं कमी झाली आणि भाव देशात सर्वांत चढेच राहिले. त्याच दहा वर्षांत ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. तिथे किमतीनेच माणसांना ढकललं होतं. गिरणगावातल्या चाळीतला मुलगा डोंबिवलीला, त्याचा मुलगा बदलापूरला. लोकसंख्या किंमत वाढवते, आणि एका टप्प्यानंतर किंमत लोकसंख्येला हाकलते. मुंबईच्या तिन्ही बाजूंना पाणी आहे, तिला पसरायला जागा नाही. पुण्याला टेकड्या आणि लष्कराच्या जमिनी सोडल्या तर चहूबाजूंनी पसरता येतं, म्हणून इथले भाव मुंबईच्या खाली राहिले. पसरण्याची ही सोय हीच पुण्याची खरी संपत्ती आहे आणि ती आपण नियोजनाशिवाय उधळतो आहोत.

उपाय म्हणून चटईक्षेत्र वाढवा, असं नेहमी सुचवलं जातं. वाढवायला हरकत नाही. पण वरचा हिशेब पुन्हा बघा. एकरावर बांधकाम जास्त बसू लागलं की त्याचा पहिला फायदा जमिनीच्या भावात जातो, आणि पाणी तेवढंच असेल तर वाढलेल्या मजल्यांसाठी टँकर वाढतात. मला पटणारी वाट वेगळी आहे: माणसं येण्याआधी जमीन तयार ठेवणं. हे आपल्याकडे झालेलं आहे. १९७२ मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं. निगडीतले सेक्टर बघा. आधी रस्ते आखले, शाळांच्या जागा सोडल्या, बागा सोडल्या, मग प्लॉट दिले. ‘प्राधिकरणात घर आहे’ हे आजही अभिमानाने सांगितलं जातं, आणि तिथून थोड्याच अंतरावर काळेवाडी-थेरगावच्या गल्ल्यांत अग्निशमनाची गाडी वळत नाही. प्राधिकरणाने एक गोष्ट चुकवली, ती शेतकऱ्यांची. घेतलेल्या जमिनीपैकी साडेबारा टक्के परत मिळण्यासाठी कुटुंबांना दशकं झगडावं लागलं. २०२१ मध्ये प्राधिकरण दुसऱ्या संस्थांत विलीन झालं, तो झगडा मागे राहिला.

शेतकऱ्याला भागीदार करूनही हे जमतं. हडपसरला मगर आणि इतर सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली ४०० एकरांवर जमीन एकत्र केली आणि मगरपट्टा ही वसाहत उभी केली. जमीन विकून मोकळे न होता ते कंपनीचे भागधारक झाले. सरकारी चौकटीत याच्या जवळची पद्धत नगररचना योजनेची. सगळ्यांच्या वेड्यावाकड्या जमिनी एकत्र धरायच्या, रस्ते-शाळा-पाण्याच्या टाक्यांसाठी प्रत्येकाकडून सारखा हिस्सा काढायचा आणि उरलेली जमीन रस्त्यालगतच्या चौकोनी भूखंडांच्या रूपात मूळ मालकांना परत द्यायची. कोणाची पूर्ण जमीन आरक्षणात जात नाही, कोणाची पूर्ण वाचत नाही. अहमदाबादने आपली वाढ बऱ्याच अंशी याच मार्गाने पेलली. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (पीएमआरडीए) माण-म्हाळुंगे परिसरात अशी योजना हाती घेतली आहे. ती आयटी पार्क येण्याआधी झाली असती तर आज हिंजवडीच्या रस्त्यावर संध्याकाळी दोन-दोन तास अडकणारी माणसं वेळेत घरी पोचली असती.

आणि हे सगळं आखायला आकडे लागतात. २०२१ ची जनगणना झाली नाही, पुढची २०२७ ची आहे. दीड दशक आपण पाणी, शाळा आणि बस २०११ च्या आकड्यांवर अंदाजाने वाढवत आलो आहोत.

या पट्ट्यात घर घेण्याचा विचार असेल तर एक विनंती आहे. दसऱ्याला, पाडव्याला सॅम्पल फ्लॅट बघून बुकिंग करू नका. मे महिन्यात जा. सकाळी सहाला जा. शेजारच्या, दोन-तीन वर्षांपूर्वी भरलेल्या सोसायटीच्या फाटकावर उभे राहा आणि वहीत किती टँकर लिहिलेत ते विचारा. भोगवटा प्रमाणपत्र मिळालं आहे का, महापालिकेची जोडणी खरोखर आली आहे का, हे तिथल्या रहिवाशाला विचारा, विक्रेत्याला नको. आणि राहायला गेल्यावर पहिल्या ग्रामसभेला किंवा वॉर्डाच्या बैठकीला हजर राहा, कारण पुढच्या पाच वर्षांत येणाऱ्यांचं पाणी तिथेच ठरणार आहे.